कंकराच्या खाणी आणि पाण्याचे दप्तर

दख्खनच्या पठारावर जन्मलेल्या माणसाला दगडाचे नवल वाटत नाही. त्याच्या घराचे जोते काळ्या पाषाणाचे, गावाबाहेरचे देऊळ काळ्या पाषाणाचे, नदीचा घाट, स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटा आणि माळावरचा वीरगळही त्याच पाषाणाचा. जमीन हातभर खणली की मुरूम लागतो आणि आणखी हातभर खणली की कुदळीतून ठिणगी उडते, हा त्याचा भूमीविषयीचा मूळ अनुभव. हाच माणूस कानपूर मागे टाकून, गंगेचा पूल ओलांडून लखनौच्या वाटेला लागतो, तेव्हा दोन्ही बाजूंस क्षितिजापर्यंत पसरलेल्या त्या सपाट, सुपीक आणि दृष्टीला कोठेही न अडवणाऱ्या प्रदेशात काहीतरी उणे आहे असे त्याला वाटत राहते; पण नेमके काय उणे आहे हे ध्यानात यायला वेळ लागतो. उणा असतो तो दगड.

लखनौशी मराठी माणसाचे जे नाते आहे ते मुख्यतः स्वरांचे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी १९२६ साली तेथे मॅरिस संगीत महाविद्यालय स्थापन झाले, पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याची धुरा दीर्घकाळ वाहिली, आणि आज तेच विद्यालय विद्यापीठाच्या पदवीला पोहोचून भातखंड्यांचे नाव मिरवीत आहे. कैसरबागेच्या परिसरात त्या विद्येच्या ओढीने आजवर कितीतरी मराठी माणसे गेली असतील. परंतु ज्या भिंतींना टेकून त्यांनी तंबोरे जुळविले त्या भिंती दगडावाचून उभ्या कशा राहिल्या, हा प्रश्न त्यांतील किती जणांना पडला असेल, कोण जाणे. दगडातून उठलेल्या शहरापाठीमागे कोठेतरी डोंगराला भगदाड पडलेले असते. मातीतून उठलेल्या शहराभोवती खड्डे पडतात. लखनौचा इतिहास नवाबांच्या, बेगमांच्या आणि शायरांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. मला येथे तो खड्ड्यांच्या अंगाने थोडासा सांगावयाचा आहे.

अवधची भूमी म्हणजे हिमालयातून उतरलेल्या नद्यांनी युगानुयुगे आणून पसरलेला गाळ. त्याची खोली शेकडो मीटर, आणि त्या खोलीत शोधूनही पाषाण सापडावयाचा नाही. मात्र निसर्गाने या प्रांताला दगडाऐवजी दगडाचा एक गरीब नातेवाईक दिला, आणि तो म्हणजे कंकर. पावसाचे पाणी मातीत मुरताना चुन्याचा अंश विरघळवून खाली नेते, उन्हाळ्यात तेच पाणी वर ओढले जाते, आणि या येरझारांत तो चुना मातीच्या कणांभोवती, मुळांच्या पोकळ्यांभोवती साचत साचत त्याच्या वेड्यावाकड्या गाठी बनतात. कोठे या गाठी सुट्या असतात. अशा काटेरी, नांग्या काढल्यासारख्या कंकराला तिकडे ‘बिछुआ’, म्हणजे विंचू, असे समर्पक नाव आहे. कोठे त्या एकमेकींस जखडून सलग फरशीसारखा थर होतो. या प्रांतातील जिल्ह्यांची जुनी गॅझेटिअरे उघडून पाहिली, तर पिकांना, जातींना आणि जमीनमहसुलाला पानेच्या पाने वाहिलेली असतात, आणि खनिजांचे प्रकरण मात्र दोन-चार ओळींत आटोपते. त्या ओळीही बहुधा कंकरावरच खर्च झालेल्या असतात. तरीही या क्षुद्र पदार्थाचे नाव हिंदुस्थानातून भूगर्भशास्त्राच्या परिभाषेत गेले आणि ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातही रूढ झाले.

कंकराचा गुण असा की तो दोन वेळा उपयोगी पडतो: फोडून रस्त्यावर घातला तर खडी, आणि भट्टीत भाजला तर चुना. त्यात मातीचा अंश मिसळलेला असल्यामुळे त्याचा चुना शुभ्र निघत नाही; पण त्याच दोषामुळे तो ओलाव्यातही, किंबहुना पाण्याखालीसुद्धा, घट्ट होतो. विहिरी, पूल आणि कालवे बांधणाऱ्यांनी त्याला जो मान दिला तो यामुळेच. जमिनीतल्या पाण्याने घडविलेला पदार्थ पाण्याच्या बांधकामासच उपयोगी पडावा, हा योग मोठा मजेचा खरा.

१७७५ साली नवाब आसफुद्दौल्याने आपली राजधानी फैजाबादेहून लखनौला हलविली, आणि गोमतीच्या काठचे एक मध्यम प्रतीचे शहर पाहता पाहता कारखान्यांनी, बाजारांनी आणि इमारतींनी भरून गेले. १७८४ साली, दुष्काळाने उत्तर हिंदुस्थान पोळून निघालेला असताना, त्याने बडा इमामबाडा बांधावयास घेतला. दुष्काळपीडितांना काम मिळावे म्हणून हे बांधकाम काढले, आणि दिवसा बांधलेले रात्री पाडण्यासाठी अब्रूदार घराण्यांतील निर्धन माणसे तोंडे झाकून येत, म्हणजे त्यांनाही कोणाच्या दृष्टीस न पडता मजुरी मिळे, अशी कथा लखनौत आजही सांगतात. कथेचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला तरी इमारत डोळ्यांसमोर आहे. सुमारे ५० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद अशा तिच्या मुख्य दालनाचा घुमटाकार माळा लाकडी तुळईवाचून वा लोखंडी बहालावाचून तरला आहे, आणि तो तरला आहे तो इंचभर जाडीच्या चपट्या विटांवर आणि त्यांना सांधणाऱ्या चुन्यावर. या विटांना ‘लखौरी’ म्हणतात. वीट म्हणजे भाजलेली माती, चुना म्हणजे भाजलेला कंकर आणि सुरखी म्हणजे विटेचीच भुकटी. तेव्हा इमामबाडा असो, रूमी दरवाजा असो की पुढे वाजिद अली शाहने उभारलेला कैसरबाग असो, नवाबी लखनौच्या त्या साऱ्या वैभवाचे मूळ अखेर जमिनीतल्या एका पोकळीत सापडते.

या भिंतींवरचा शेवटचा हात मात्र कंकराच्या चुन्याचा नसे. संगमरवर परवडत नाही आणि संगमरवराचा भास तर हवा, अशा वेळी गवंडी आणखी एका पाणथळ पदार्थाकडे वळत. झिलांच्या आणि आटलेल्या तळ्यांच्या तळाशी साचलेल्या शिंपा व शंख भाजून काढलेला चुना दुधासारखा पांढरा होई, आणि घोटून घोटून गिलावा केला की त्याला शिळेची झळाळी येई. लखनौच्या दरवाज्यांवरील वेलबुट्टी, महिरपी आणि मासे याच हस्तकौशल्याचे. या माशांकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

या शहराच्या खोदकामाच्या इतिहासात एक मोठा विनोद घडून गेला आहे. गाजीउद्दीन हैदर, जो १८१४ साली गादीवर आला आणि १८१९ साली ज्याने नवाबी सोडून बादशाही किताब धारण केला, त्याच्या मनात गंगेचे पाणी कालव्याने गोमतीला आणून मिळवावे असे आले. मोजणी झाली, मजूर लागले, खजिन्यातून रक्कम गेली, आणि शहराच्या दक्षिणेस लांबच लांब चर खणला गेला. पण सपाटीचा हिशेब चुकल्यामुळे गंगा काही त्यातून आली नाही. ज्या कालव्यातून कधी पाणी वाहिले नाही त्यातून १८५७-५८ च्या संग्रामात इतिहास मात्र वाहिला, कारण लखनौच्या रक्षणकर्त्यांनी त्याच कोरड्या चराच्या आश्रयाने आपली पहिली फळी उभारली होती. आज हैदर कॅनॉलच्या नावाने जे वाहते ते शहराचे सांडपाणी. पाण्यासाठी शास्त्रोक्त पद्धतीने खणलेला कालवा कोरडा राहिला. आणि विटा, चुना व खडी यांसाठी, पाण्याचा विचारही मनात न आणता, जे असंख्य खड्डे खणले गेले ते मात्र दर श्रावणात काठोकाठ भरत राहिले. पाणी माणसाच्या फर्मानाप्रमाणे चालत नाही, ते उताराप्रमाणे चालते, एवढाच याचा अर्थ.

या खड्ड्यांना खरा बहर आला तो रस्त्यांमुळे. लखनौ दरबारातील इंग्रज रेसिडेंट कर्नल स्लीमन हा १८४९-५० च्या हिवाळ्यात अवधचा दौरा करीत हिंडला, तेव्हा त्या साऱ्या राज्यात खडीचा म्हणावा असा रस्ता एकच होता, आणि तो म्हणजे लखनौहून कानपुरास जाणारा. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनी सरकारने राज्य खालसा केले, दुसऱ्याच वर्षी आगडोंब उसळला, आणि या एकुलत्या एक पक्क्या रस्त्याला अकस्मात महत्त्व आले. बिठूरच्या नानासाहेबांमुळे ज्या कानपूरचे नाव मराठी घराघरांत पोहोचले, तेथून इंग्रज सेनानी हॅवलॉकची फौज लखनौकडे याच वाटेने निघाली. २९ जुलै १८५७ रोजी उन्नाव आणि बशीरतगंज या दोन ठिकाणी एकाच दिवशी लढाया झाल्या. पावसाळ्याचे दिवस, रस्ता तेवढा वर आणि दोन्ही बगलांस चिखल, दलदल व तळी, त्यामुळे फौजेला पसरावयास जागा नाही आणि वळसा घालण्याची सोय नाही. हॅवलॉकला मागे फिरावे लागले, पुन्हा यावे लागले, पुन्हा फिरावे लागले, आणि लखनौत वेढ्यात अडकलेल्या इंग्रजांची रेसिडेन्सी गाठेपर्यंत २५ सप्टेंबर उजाडला. त्या दोन महिन्यांच्या विलंबाचे श्रेय जसे अवधच्या शिपायांच्या शौर्याला आहे, जसे पटकीच्या साथीला आहे, तसेच थोडेसे त्या रस्त्याकडेच्या पाण्यालाही द्यावयास हवे.

शांतता झाल्यावर इंग्रजी अंमलाने रस्त्यांचा सपाटा लावला. कंकराचा रस्ता करण्याची रीत साधी, पण कष्टाची होती. रस्त्यालगत जेथे थर सापडेल तेथे तो वरवर खणावयाचा, गाठी झोडून मातीपासून सुट्या करावयाच्या, ढीग मोजून घ्यावयाचे, मग त्या अंथरून त्यांवर पखालींनी पाणी शिंपावयाचे आणि धुमसांनी ठोकीत राहावयाचे. ठोकता ठोकता कंकरातला चुना ओला होऊन गाठीला गाठ धरी आणि काही दिवसांत रस्ता एकसंध होई. बैलगाडीच्या लोखंडी धावेखाली हाच रस्ता दोन-तीन वर्षांत पिठासारखा उडे, आणि पुन्हा कंकराची मागणी निघे. म्हणजे खड्डा एकदाच खणून भागत नसे. रस्ता जगावयाचा तर शेजारचा खड्डा वाढतच राहावयाचा. १८६७ साली कानपूर-लखनौ लोहमार्ग सुरू झाला. सपाट मुलखात रूळ पुराच्या वर ठेवावयाचे म्हणजे मातीचा भराव हवा, आणि भरावाची माती तेथल्या तेथेच खणून घ्यावयाची. तेव्हा रुळांच्या दोन्ही कडांनी माळेतल्या मण्यांसारखे चौकोनी खड्डे उमटले. आजही पावसाळ्यात त्या मार्गाने जाणाऱ्याला आगगाडी पाण्यातून चालल्याचा जो भास होतो तो यांच्याचमुळे.

‘खड्ड्यात गेले’ असे आपण मराठीत म्हणतो तेव्हा ते कायमचे गेले, असाच आपला भाव असतो. दप्तराचा अनुभव मात्र निराळा आहे. खड्ड्यात पाणी आले, पाण्यात मासा आला, की त्यामागोमाग कागद येतो. अवधच्या तालुकदारी मुलखात जमीनमहसुलाखेरीज जे किरकोळ उत्पन्न असे त्याला ‘सायर’ म्हणत; पेशवाईच्या कागदांतून हा शब्द आपल्यालाही ओळखीचा आहे. वनाचे ते बनकर, फळांचे ते फलकर आणि पाण्याचे ते जलकर. गावच्या ‘वाजिब-उल-अर्ज’ नामक दस्तऐवजात गावची वहिवाट लिहिलेली असे: तळ्यातला मासा कोणी धरावा, शिंगाड्याची वेल कोणी लावावी, कडेची मृत्तिका कुंभाराने फुकट न्यावी की मोल देऊन, सरकारी रस्त्यासाठी कंकर निघाला तर त्यावर दावा कोणाचा. शिंगाडा हे तर या खड्ड्यांचे खास पीक. कहार आणि मल्लाह जातीची माणसे इजाऱ्याने तळे घेत, पावसाळ्यात वेल सोडीत आणि कार्तिकात मडक्यांच्या तराफ्यांवर बसून फळे वेचीत. उपवासाच्या दिवशी आपण जे शिंगाड्याचे पीठ थालीपिठासाठी मळतो, त्याची पूर्वपीठिका अशा एखाद्या विस्मृत खाणीपर्यंत जाऊन पोहोचत असेल, हे आपल्या गावीही नसते.

मात्र दप्तराच्या लेखी खड्डा ही कधीच स्थिर वस्तू नव्हती. पाणी असेल त्या वर्षी तो ‘ताल’ किंवा ‘तलैया’, आटेल त्या वर्षी ‘परती’, आणि ज्याच्या शेजारी त्याचे शेत असेल त्याच्या दृष्टीने थोडे थोडे पुढे सरकण्याची जागा. १९५० च्या कायद्याने उत्तर प्रदेशातील जमीनदारी संपुष्टात आली, तेव्हा गावोगावची तळी आणि पाणवठे गावसमाजाकडे गेले, आणि तलावाच्या जमिनीवर कोणासही कायमचा भूमिधरी हक्क मिळू नये अशी तरतूद झाली. त्या संक्रमणकाळचे जे दप्तर, ते १३५९ फसली सालचे, म्हणजे इसवी सन १९५१-५२ चे. आजही तेथील कचेऱ्यांत एखाद्या तळ्याचा तंटा निघाला की पहिला प्रश्न हाच विचारला जातो: १३५९ फसलीत काय लिहिले आहे? अकबरी काळापासून पीकपाण्यासाठी चालत आलेली, आपल्या महाराष्ट्रातही एकेकाळी रुळलेली ही कालगणना व्यवहारातून जवळजवळ नाहीशी झाली असता, एकविसाव्या शतकातील बगळ्यांचे आणि बदकांचे भवितव्य तिच्यावर अवलंबून असावे, यात मला इतिहासाचा एक गंभीर विनोद दिसतो.

माणूस उठून गेल्यावर खड्ड्यात जे घडते त्याला कोणाचे अनुदान लागत नाही. पहिल्या पावसाचे पाणी गढूळ असते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तळाशी शेवाळ धरते, कडेला लव्हाळा आणि नागरमोथा येतो, मागोमाग कमळाचे व कुमुदिनीचे बी कोणत्या तरी पाखराच्या पायाला लागून येते. शंखगोगलगाय आली की तिला फोडून खाणारा मुग्धबलाक येतो, ज्याच्या चोचीच्या दोन पात्यांत वाढत्या वयाबरोबर फट पडते. पानांची चटई झाली की तीवर लांब बोटे टाकीत चालणारा कमळपक्षी येतो. आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या थव्यांत तो काळा, कपाळावर पांढरा टिळा लावल्यासारखा दिसणारा पक्षी असतो, ज्याला आपल्या लोकांनी ‘वारकरी’ असे नाव ठेवले. कंकराची जुनी खाण उथळ असे, कारण थर वरच्या वर सापडे आणि मजुराला खोल जाण्याचे कारण नसे. उथळपणा हाच तिचा मोठा गुण ठरला. ज्यांना गुडघाभर पाण्यात उभे राहून चरावयाचे असते अशा लांब पायांच्या साऱ्या पक्षिकुळाला तिने जागा दिली. सारस क्रौंचाची जोडी, जो पक्षी आज उत्तर प्रदेशाचा राज्यपक्षी आहे, ती तर भाताच्या खाचरात आणि रस्त्याकडेच्या पाण्यात माणसापासून हाकेच्या अंतरावर संसार मांडते.

या वैभवाची पहिली व्यवस्थित टिपणे परकीयांनी केली. आयर्बी नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने अवध आणि कुमाऊँ येथील पक्ष्यांविषयी १८६१ साली ‘आयबिस’ या नियतकालिकात लिहिले. जॉर्ज रीड याने लखनौ विभागातील पक्ष्यांची सविस्तर नोंद १८८१ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये प्रसिद्ध केली, हे नियतकालिक चालविणारे गृहस्थ म्हणजे चारच वर्षांनी राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम. या मंडळींची पद्धत आधी बंदूक आणि मग दौत अशी होती, हे खरे. पण अवधची पाणथळ भूमी त्या काळी कशी गजबजलेली होती याची साक्ष त्यांच्याकडूनच मिळते.

उजाड खाण पक्ष्यांचे माहेर बनते हा शोध पुढे विलायतेतही लागला. कंठेरी चिखल्या हा आपल्याकडील नदीकाठच्या वाळवंटात सहज दिसणारा लहानसा पक्षी. इंग्लंडात त्याने १९३८ साली प्रथम घरटे केले, ते एका रिकाम्या केलेल्या जलाशयाच्या तळाशी, आणि नंतरच्या वर्षांत तो देशभर पसरला तो मुख्यतः वाळूखडीच्या खाणींतून, कारण उघड्या खड्यांवर अंडी घालणाऱ्याला याहून सोयीची भूमी नव्हती. नॉटिंगहॅमजवळ ॲटनबरो येथे १९२९ पासून खडी काढली जात होती. तेथील तळ्यांचे १९६६ साली संरक्षित क्षेत्र झाले, आणि त्याचे उद्घाटन योगायोगाने त्याच नावाच्या निसर्गप्रेमी डेव्हिड ॲटनबरो यांनी केले. आपल्या देशात दिल्लीच्या दक्षिणेस भट्टी येथील रेतीच्या खाणी बंद पडल्या आणि तो भाग १९९१ साली असोला अभयारण्यास जोडला गेला. तेथील खाणींच्या पोटात साठलेल्या निळ्या पाण्याला लोक आता नीली झील म्हणतात. खाणीचे अभयारण्य होणे ही कल्पना अशी पूर्वेलाही अपरिचित राहिली नाही.

अवधात या कथेचा शेवटचा मुक्काम पुन्हा त्याच जुन्या कानपूर रस्त्यावर आहे. बशीरतगंज ओलांडून लखनौकडे येताना उन्नाव जिल्ह्यात नवाबगंज लागते. अवधात नवाबगंजे अनेक आहेत, पण या नवाबगंजाला लागून एक विस्तीर्ण, उथळ झील आहे. ही झील कोणी खणली नाही. ती नैसर्गिक सखल भूमी आहे, पावसाने भरते आणि उणे पडेल ते पाणी शारदा कालव्यातून घेते. याच कालव्याची योजना एकोणिसाव्या शतकात प्रथम पुढे आली तेव्हा, पाणी साचून जमिनीवर ‘रेह’ नावाचा खार फुटेल आणि शेते ‘ऊसर’ होतील, या भयाने अवधच्या तालुकदारांनी तिला विरोध केला होता, आणि ते भय निराधार नव्हते. जमिनीखालचा कंकराचा थर पाण्याला खाली जाऊ देत नाही, मग ते वर येते आणि येताना मीठ घेऊन येते. कालवा अखेर १९२८ साली वाहू लागला. ज्या पाण्याची शेतकऱ्याला धास्ती होती त्या पाण्याने झील जगविली.

१९८४ साली नवाबगंजची झील पक्षी अभयारण्य झाली. तिचे क्षेत्र सुमारे २२५ हेक्टर, आणि तेथे नोंदल्या गेलेल्या पक्ष्यांच्या जाती दोनशेंहून अधिक. २०१५ साली तिला हुतात्मा चंद्रशेखर आझाद यांचे नाव दिले गेले. आझादांच्या घराण्याचे मूळ गाव बदरका याच उन्नाव जिल्ह्यात आहे. २०१९ साली रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत तिची गणना झाली. मराठी वाचकाला हे ऐकून आनंद होईल की जानेवारी २०२० मध्ये भारतातील ज्या दहा स्थळांची घोषणा एकदम झाली, त्यांत नवाबगंजच्या पंक्तीला नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरही होते. तेही मूळचे पक्ष्यांसाठी नव्हतेच. गोदावरी-कादवा संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी पाटाच्या पाण्यासाठी बंधारा घातला, त्यामागे गाळ साचला, आणि अभियंत्याच्या दृष्टीने जी हानी होती तीच पक्ष्यांच्या दृष्टीने भूमी ठरली.

नवाबगंज तरले, कारण ते मोठे होते, हमरस्त्यावर होते आणि त्याला नाव होते. ज्यांना नाव नाही त्यांचे काय? २००१ साली उत्तर प्रदेशातील एका गावच्या तलावाच्या जमिनीचे घरांसाठी वाटप झाल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले, तेव्हा न्यायालयाने ते वाटप टिकू दिले नाही. तलाव हे समाजाचे धन आहे, असा त्या निर्णयाचा आशय. २०१७ साली त्याच न्यायालयाने देशातील २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण देण्याचा आदेश दिला; ही यादी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून केलेली आणि सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या जागांचीच. त्याच वर्षी केंद्र सरकारने केलेल्या नियमांत पाणथळीची जी व्याख्या आहे तिच्यातून पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. या व्याख्येसमोर आपला कंकराचा खड्डा उभा केला तर मोठी चमत्कारिक परिस्थिती होते. तो पाण्यासाठी मुद्दाम बांधलेला नाही. तेव्हा व्याख्या त्याला दारातून आत घेते. पण तो दोन-चार बिघ्यांचाच असतो. तेव्हा यादी त्याला दारातूनच परत पाठविते. उरते ते पुन्हा १३५९ फसलीचे दप्तर, आणि त्यात लेखणी कोणाच्या हाती होती यावर सारी मदार.

इकडे खोदण्याची रीतही बदलली आहे. अवधात विटांच्या भट्ट्यांना आणि द्रुतगती मार्गांच्या भरावांना लागणारी माती आता यंत्राने निघते. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यात महामार्गांसाठी लागणारी माती आणि मुरूम जुनी तळी व नाले खोल करून घेण्याची जी पद्धत सुरू झाली ती ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून गाजली, आणि एका खोदकामात रस्ता व पाणी दोन्ही साधावे हा तिचा हेतू स्तुत्यच आहे. मात्र जुन्या मजुराची कुदळ थराचा माग काढीत आडवी जाई, आणि यंत्राचा पंजा उभा खाली जातो. पहिलीने उतरते काठ मागे ठेवले, दुसरा कड्यासारख्या भिंती ठेवतो. उभ्या भिंतीच्या खोल पाण्यात मासे राहतील, पंप चालेल, क्वचित एखादे पोर बुडेल. परंतु सारसाला उभे राहावयास जागा नाही, लव्हाळ्याला मूळ धरावयास जागा नाही. एका बाजूला काठाचा उतार सौम्य ठेवण्यास खर्च फारसा येत नाही. ते कोणीतरी कंत्राटात लिहावे मात्र लागते; म्हणजे फिरून प्रश्न कागदाचाच.

आता ते मासे. अवधच्या नवाबांचे राजचिन्ह दोन मासे हे होते. दिल्लीच्या बादशहाकडून मिळणाऱ्या माहीमरातबाचा, म्हणजे मत्स्यचिन्हाच्या निशाणाचा, मान आपल्या मराठी सरदारांनाही ठाऊक होता. पण लखनौने तो मासा निशाणावरून उतरवून दरवाजादरवाजावर बसविला, आणि आजच्या उत्तर प्रदेश राज्याच्या मुद्रेतही त्याची जोडी टिकून आहे. कैसरबागेत एखाद्या संध्याकाळी मान वर करून पाहिले, तर कमानीवरील माशांचा गिलावा कोठे कोठे सुटलेला दिसतो. बाहेरची पांढरी साल जाते आणि आतला करडा थर उघडा पडतो, त्याच्याही आत लखौरी विटेची लाल कड दिसते. साल शिंपल्यांची, थर कंकराचा, कड मातीची. मुग्धबलाक आज नवाबगंजच्या चिखलात जो शंख फोडतो आहे, त्याच्याच पूर्वजांच्या कवचांनी त्या माशाला खवले दिले. आणि ज्या खड्ड्यातून त्या माशाचे अंग निघाले, तो जर १३५९ फसलीच्या वहीत ‘ताल’ म्हणून लिहिला गेला असेल, तर त्यात या घटकेला खरे मासे पोहत असतील.